दारात थांबलेली बायको

सोवेटोतल्या म्हाताऱ्या झोलानीने त्याची बायको नोझुको घर सोडून गेली त्या दिवसावर कथा लिहिली होती. आता त्या कथेचं संगीत नाटक बसत होतं. तालमीत दिग्दर्शिका पालेसा म्हणाली, "बाबा, ती बॅग घेऊन दारात थांबते, तिथे गाणं हवं."

"ती काहीच बोलली नव्हती गं."

"मग थांबली कशाला? तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणूनच ना? गाणं तुमच्या तोंडी हवं."

तीस वर्षांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी जाऊन त्याने एकट्यापुरती मक्याची उकड केली आणि लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पालेसाला दिलेल्या कागदावर एकच ओळ होती, "नोझुको, जाऊ नकोस." तालमीतल्या सोळा गायकांनी ती सुरात म्हटली. मागच्या खुर्चीवर झोलानीचेही ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.