चौकशीला गेलेली मंडळी

मुलीचं लग्न ठरवताना मुलाची चौकशी करायची असते, आणि ती करायला घरातली सगळ्यांत निरुद्योगी माणसं पाठवायची असतात, असं छायाबाईंचं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतरचं मत होतं. त्यांच्या सासरी हे काम वासुदेवरावांकडे होतं. वासुदेवराव म्हणजे त्यांचे थोरले दीर. हिंगणघाटात कापडाचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि गावातल्या दारूबंदी प्रचार समितीचं अध्यक्षपद. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा तिचा प्रचार करायला कुणीतरी लागतंच. आठवड्याचे सहा दिवस वासुदेवराव ही बंदी मन लावून पाळत. शनिवारी मात्र त्यांचं नदीच्या पुलापलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, काहीतरी काम निघायचं. परत येताना ते मूठभर बडीशेप चघळत यायचे आणि कुणाशी न बोलता झोपायचे. समितीला हे ठाऊक होतं, कारण निम्मी समिती त्यांच्याच गाडीत असायची.

तर या वासुदेवरावांनी छायाबाईंच्या रुचिकाची तीन स्थळं मोडली होती. एका मुलाच्या कानात बाळी होती. दुसऱ्याच्या बापानं यांना चहा बशीत ओतून दिला नाही. तिसऱ्याचं काय चुकलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. रुचिका सत्ताविशीची झाली होती, वर्ध्याला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती, आणि दर वेळी "मोठे बाबा म्हणतीन तसं" असं ऐकून निमूटपणे पेपर तपासायला बसत होती.

चौथं स्थळ आलं रत्नदीपचं. सेलूच्या रामाजींचा मुलगा, शेतकऱ्याचं घर, शिकलेला, शांत. कांदेपोह्यांच्या दिवशी तो आणि रुचिका गच्चीवर गेले ते दीड तास खाली आलेच नाहीत. छायाबाई चहा घेऊन वर गेल्या तर दोघं यीस्टवर बोलत होती, आणि रुचिका खळखळून हसत होती. यीस्टमध्ये हसण्यासारखं काय आहे हे छायाबाईंना कळलं नाही, पण लेक अशी हसलेली त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. रात्री भांडी लावताना रुचिका म्हणाली, "आई, मले पसंत हाय. या बारी मोडू नको देजो."

अडचण एकच होती. रत्नदीप नाशिककडे एका वायनरीत वाइन बनवायचा.

"वाइन म्हंजे दारूच ना?" वासुदेवरावांनी बैठकीत विचारलं. छायाबाईंना वाटलं, मोडलं. पण वासुदेवरावांनी चष्मा पुसला, परत घातला आणि अगदी न्यायाधीशाच्या सुरात म्हणाले, "तरी जागेवर जाऊन पाह्यल्याबिगर नाई म्हननं बरं नाई. पोट्ट्यावर अन्याय होईन. दोन दिवस लागतीन."

न्यायाची एवढी चाड त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती. बाळीवाला मुलगा नागपूरला राहायचा, तासाभराच्या अंतरावर, पण तिथं जाऊन पाहावं असं काही यांना सुचलं नव्हतं. आणि बोरगाव मेघेचे नणंदोई धर्मेंद्र, जे रुचिकाच्या बारशालाही आले नव्हते, त्यांचा त्याच संध्याकाळी आपण होऊन फोन आला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, म्हणाले, आपण मागं राहणं शोभत नाही. छायाबाईंचे यजमान प्रफुलराव जाणारच होते, कारण दादा जिथं जातात तिथं ते जातात. स्वयंपाकघर पाहायला एक बाई हवी म्हणून छायाबाईंना घेतलं.

समृद्धी महामार्गावर आठ तास वासुदेवराव दारूच्या दुष्परिणामांवर बोलले. लिव्हर, किडनी, संसार, पिढी. जालन्यापर्यंत पिढी संपली होती.

रत्नदीपच्या खोल्यांची चौकशी वीस मिनिटांत उरकली. नळाला पाणी येतं का, शेजारी कोण, पगाराची पावती दाखव. छायाबाईंनी स्वयंपाकघरात डोकावलं. ओटा पुसलेला, मसाल्याच्या डब्यात काळा मसाला घरचा, आणि परातीत पाटवड्या थापून ठेवलेल्या.

"ह्या कोनं केल्या?"

"मीच केल्या, काकू. आईनं फोनवर सांगितलं. जरा जाड झाल्या."

जरा जाड झाल्या होत्या खऱ्या. पण प्रफुलरावांना इतक्या वर्षांत चहाची साखर कुठल्या डब्यात असते ते सापडलेलं नाही, तेव्हा छायाबाईंनी त्या जाड वडीला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

"आता कामाची जागा पाहू," वासुदेवराव म्हणाले. त्यांना घाई झाली होती.

रत्नदीपनं सगळं दाखवलं. स्टीलच्या उंच टाक्या, लाकडाची पिंपं, द्राक्षं चुरडायचं यंत्र. तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता आणि छायाबाई सोडून कुणी ऐकत नव्हतं. वासुदेवरावांनी एकच प्रश्न विचारला, "अन् चाखायची सोय कुठी हाय?"

चाखायच्या खोलीत लांब टेबल होतं, खिडकीतून द्राक्षांच्या रांगा दिसत होत्या, आणि टेबलाच्या टोकाला एक छोटी बादली होती. रत्नदीपनं पहिला ग्लास तिरका धरला, रंग पाहिला, हलकेच फिरवला, नाकाशी नेला, घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. दिवसाला तीस-चाळीस ग्लास तपासावे लागतात, म्हणाला. गिळत बसलो तर काम कसं होईल? घरीही तो घेत नव्हता.

"थुकाचं?" वासुदेवराव दुखावले. "अन्न थुकनं आमच्यात पाप हाय."

आणि त्या दिवशी त्यांनी काही पाप केलं नाही. धर्मेंद्ररावांनीही नाही. प्रफुलरावांनी आधी दादांकडे पाहिलं, दादांनी मान हलवली, मग त्यांनीही नाही.

खायला रत्नदीपनं मुद्दाम आपल्याकडचं मांडलं होतं. पांढऱ्या वाइनबरोबर कोथिंबिरीची सांबारवडी, लालबरोबर पाटवडीचा तर्रीदार रस्सा. तेलकट वडीवर आंबट घोट का बरा लागतो, तिखटाबरोबर कुठली वाइन घेऊ नये, हे तो जीव ओतून सांगत होता. "आपल्याकडचं जेवण कमी नाही, काकू. त्याच्या जोडीला काय चालतं ते कुणी पाहिलंच नाही." छायाबाईंनी घाबरत एक घोट घेतला. कच्च्या पेरूचा वास आला. त्या वासानं त्यांना बरं वाटलं, आणि प्रफुलरावांनी डोळे वटारले. स्वतःचा चौथा ग्लास हातात धरून वटारले, हे विशेष.

चौथ्या ग्लासाला वासुदेवराव रत्नदीपला "जावईबापू" म्हणू लागले. पाचव्याला म्हणाले, असं हिऱ्यासारखं पोरगं अख्ख्या जिल्ह्यात नाही. छायाबाईंना वाटलं, जमलं एकदाचं. सहाव्याला ते उठून उभे राहिले आणि समितीचं भाषण सुरू केलं. सवयच ती. हातात ग्लास, तोंडात लिव्हर, किडनी, संसार, पिढी. शेजारच्या टेबलावर पुण्याची काही मंडळी होती, त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. वासुदेवरावांनी वाकून नमस्कार केला आणि तसेच खाली बसले, फक्त खुर्ची तिथं नव्हती.

मग शोभेल असं काही उरलं नाही. रत्नदीपनं एकेकाला धरून गाडीत बसवलं, लिंबूपाणी पाजलं, धर्मेंद्ररावांच्या तोंडाशी पिशवी धरली, स्वतः गाडी चालवत मुक्कामाला पोचवलं. त्या गाडीत पूर्ण शुद्धीत असलेले दोघंच होते, एक छायाबाई आणि दुसरा तो दारूच्या धंद्यातला मुलगा. सकाळी निघताना वासुदेवरावांनी त्याला बाजूला घेऊन दोन खोकी गाडीत ठेवायला लावली. रत्नदीप म्हणाला, "मोठे काका, आपल्या जिल्ह्यात हे न्यायला बंदी आहे." ते म्हणाले, "आमाले शिकवते का बंदी?"

परतीच्या वाटेवर छायाबाई लग्नाचा हॉल, आहेर, मानपान, सगळं जुळवत बसल्या. त्यांना खात्री होती. निकाल रविवारी लागला, त्यांच्याच घरी. वासुदेवराव, धर्मेंद्रराव, प्रफुलराव ओळीनं सोफ्यावर. रुचिका दाराशी उभी.

"मी लय इचार केला," वासुदेवराव म्हणाले. "पोट्टा चांगला हाय. पन दारूच्या धंद्यात आपन पोरगी देत नाई. मी समितीचा अध्यक्ष हाओ. लोकं काय म्हनतीन?"

"बरोबर हाय," धर्मेंद्रराव म्हणाले. पिशवीत तोंड घातलेला माणूस!

छायाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हेच ते, जे परतीच्या रात्री झोपेत "पोरगं सोनं हाय" असं बडबडले होते. प्रफुलराव पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता. त्या माणसाची छायाबाईंना इतकी चीड कधी आली नव्हती, आणि आजवर यायला काही कमी कारणं नव्हती.

"छाया, तू फोन कर त्याले," वासुदेवराव पुढं म्हणाले. "पन गोडीनं सांगजो. संबंध तोडाचे नाई. पोरगी नाई दिली तं काय झालं, येनं-जानं राह्यलं पायजे. दिवाईले त्याले म्हना, आठवण ठेवजो."

एवढं बोलून त्यांनी पाटवडी उचलली. छायाबाईंनी केलेली, पातळ.

दिवाळीची आठवण! पोरीचा संसार मोडायचा आणि पोराची बाटली धरून ठेवायची! दारू पिणारी माणसं छायाबाईंनी माहेरीही पाहिली होती. त्यांची कधी कीव आली होती, कधी भीती वाटली होती. या तिघांची किळस आली. आणि त्यांनी तीन स्थळं अशीच बसून मोडली, आपण आत पोहे परतत बसलो, याची त्याहून जास्त.

त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"रत्नदीप, मी छायाकाकू बोलून राह्यली. चौकशी झाली आमची."

"हो काकू."

"भाऊजींनी सोता पाह्यलं का पोट्टा एक घोट गिळत नाई, पिनाऱ्याले सांभाळते, अन् पाटवडी थापते. पिनारे किती अन् कसे, तेबी त्याहीनं जवळून पाह्यलं. आमच्याकडून होकार हाय. तुमच्या आईबाबाले तारीख काढाले सांगजो."

वासुदेवरावांच्या हातातली वडी तशीच राहिली. आमच्याकडे शब्द असा दुसऱ्याच्या घरात पोचला की मागं घेता येत नाही. घेतला तर आठवडी बाजारापर्यंत चर्चा होते, आणि बाजारात कारण विचारतात. कारण काय सांगणार होते अध्यक्ष?

"हे कोनाले इचारून?" ते ओरडले. "प्रफुल, तुई बायको पाय काय बोलून राह्यली!"

प्रफुलरावांनी पंख्यावरून नजर काढून जमिनीवर ठेवली. एवढीच त्यांची हालचाल.

"भाऊजी, ह्या घरात इचाराचं कोनाले, तुमीच सांगा," छायाबाई म्हणाल्या. त्या खूश होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीतला शेवटचा शब्द आपला झाला, असं त्यांना वाटलं.

तो झाला नव्हता. फोनवर रत्नदीप म्हणाला, "काकू, मला आनंदच आहे. पण रुचिका आहे का तिथं? तिला कुणी विचारलं का?"

चार माणसं समृद्धीवरून जाऊन आली, नळ पाहिला, पगार पाहिला, ग्लास पाहिले, निकाल लावला, उलटा निकाल लावला, आणि चौघांपैकी कुणीही दाराकडे मान वळवली नव्हती. छायाबाईंनीही नाही. रात्री भांडी लावताना लेक जे बोलली, ते त्यांनी पुरेसं धरलं होतं. तिची पसंती त्यांनी आपल्या रागाच्या पायात चपलेसारखी घातली होती.

रुचिका पुढं आली. फोन उचलला, आवाज बंद केला नाही.

"हो, मी हाय इथं. माझा होकार आईले आधीच सांगितला होता. पण आता एक काम करायचं हाय. पुढच्या शनिवारी मी येते तुझ्याकडं. टाक्या पाह्यच्या हायेत, तू काम कसं करते ते पाह्यचं हाय. तारीख त्याच्यानंतर काढू."

"एकटी?" वासुदेवराव किंचाळले. "पोरगी एकटी जाईन पोट्ट्याचं घर पाहाले? लोकं काय म्हनतीन?"

"मोठे बाबा," रुचिका म्हणाली, "तुम्ही चौघं जाऊन आले. घराची इज्जत जेवढी जायची तेवढी गेली. आता माह्यानं काही जास्त जाणार नाई."

तिनं त्या चौघांत आईलाही धरलं होतं. छायाबाईंना ते लागलं, आणि लागलं ते बरोबर लागलं हेही कळलं. शनिवारची गाडी वर्ध्याहून किती वाजता सुटते, एवढंच त्यांनी विचारलं.