कच्चा शेरा

हो, मीच बोलतोय. खोडरबर. इकडे, टाचण्यांच्या डबीत, अगदी तळाशी. शेंगदाण्याएवढा उरलोय, तेव्हा जरा शोधावं लागेल.

जन्मलो तेव्हा मी चांगला दोन बोटं लांब होतो. पांढराशुभ्र, अंगात निळा कागदी सदरा. वीस जणांच्या खोक्यात आम्ही एकमेकांना चिकटून बसलो होतो आणि प्रत्येकाला एकच आस होती, कुठल्या तरी मुलाच्या दप्तरात पडावं. मुलं चुकतात, पुसतात, फुंकर मारतात, पुन्हा लिहितात. त्यात कुणाचं वाईट होत नाही. माझ्या नशिबी आला एका विद्यापीठाचा करार-कक्ष.

कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. चार कपाटं, एक खिडकी, एक कुरकुरणारा पंखा. बाहेरची एखादी कंपनी प्राध्यापकाला म्हणते, आम्ही खर्च देतो, तुम्ही संशोधन करा. मग कुणी काय करायचं, हाती लागेल ते कुणाचं, ते जगाला सांगायचं की नाही, हे सगळं आधी कागदावर बांधून घ्यावं लागतं. तो कागद वाचायचं काम भिंगबाईंचं. खरं नाव वेगळं, पण बारीक अक्षरांवर भिंग धरून वाचायची सवय, म्हणून सगळा मजला त्यांना भिंगबाई म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता.

या कक्षाची एक रीत होती. हरकत घ्यायची ती पेन्सिलीनं, समासात. साहेब, म्हणजे कक्षाचे प्रमुख, नेहमी बजावायचे, "बाई, शेरा कच्चाच ठेवा. शाईनं लिहिलं की ते राहतं." मग वर बोलणं व्हायचं, क्वचित एखादं वाक्य बदलायचं, बहुतेकदा नाहीच. शेवटी पेन्सिलीचं सगळं मी पुसायचं आणि अखेरच्या पानावर बाईंनी शाईनं लिहायचं, 'छाननी केली. हरकत नाही.' खाली सही. म्हणजे हरकत पेन्सिलीनं आणि हरकत नसणं शाईनं! मला हे फार उशिरा खटकलं. तेव्हा मी नवा होतो, मऊ होतो, आणि कागद स्वच्छ झाला की मला आपलं बरं वाटायचं.

बाईंचा हात मात्र जड. टोक मोडेपर्यंत दाबून लिहायच्या. त्यांचा एक शेरा पुसायला मला दुसऱ्याच्या चार शेऱ्यांइतकं झिजावं लागायचं.

एके दिवशी पाणीवाल्या सरांचा करार आला. हे सर रसायनशास्त्राचे. खिशात कायम एखादी काचेची बाटली, कुठलं ना कुठलं पाणी तपासायला घेतलेलं. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणारी एक कंपनी त्यांच्याकडून आपल्या नव्या गाळणीची तीन वर्षं पारख करून घेणार होती. बाईंनी भिंग फिरवलं आणि कलम अकरापाशी त्यांचा हात थांबला. 'निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती आवश्यक राहील.' इतर करारांत पुढे एक ओळ असायची, कंपनीनं तीस दिवसांत न कळवल्यास संमती आहे असं धरलं जाईल. इथे ती ओळ नव्हती. बाईंनी समासात लिहिलं, 'किती दिवसांत? कंपनी गप्प बसली तर?' दुसऱ्या प्रश्नचिन्हाला टोक मोडलं.

साहेब वैतागले. "उद्या सह्यांचा समारंभ आहे बाई. पाहुणे येतायत, फोटोवाला सांगितलाय. आता कुठे पुन्हा छापत बसणार?"

"साहेब, एक ओळ घालायचीय फक्त."

"कंपनी कशाला गप्प बसेल? त्यांनाही नाव हवंच असतं."

पाणीवाले सर तिथेच खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, होऊ द्या हो. दोन वर्षं वाट बघतोय मी या कामाची. तुम्ही भिंग लावलंत की मुंगीचा हत्ती दिसतो."

सगळे हसले. बाईसुद्धा कसनुशा हसल्या. मग त्यांनी मला उचललं आणि शेरा पुसला. हात त्यांचा होता, पाठ माझी. माझा चुरा त्यांनी तळहातानं झटकला आणि पेन उघडलं. हरकत नाही.

समारंभ झोकात झाला. खूश होऊन कंपनीनं आपलं एक यंत्र भेट दिलं. ते आमच्याच दाराबाहेर, बोळात बसवलं. चकचकीत नळ, वर हिरवा दिवा. सगळा मजला तिथे बाटल्या भरू लागला.

तीन वर्षं सरली. एका दुपारी पाणीवाले सर आले ते दाढी वाढलेले. गाळणी चार महिने जुनी झाली की पाण्यात शिसं सोडते, असं त्यांना आढळलं होतं. एकदा नव्हे, चाळीस वेळा तपासून. बोळातल्या यंत्राचं पाणीही त्यांनी तपासलं होतं, त्यातही शिसं होतं. लेख लिहून कंपनीकडे संमतीला पाठवला त्याला आता आठ महिने झाले होते. तीन पत्रं गेली, तिन्हींना एकच उत्तर, 'विषय विचाराधीन आहे.'

"बाई, ते किती दिवस विचार करू शकतात, तेवढं बघून सांगा," सर म्हणाले.

बाईंनी करार काढला, पण भिंग काही काढलं नाही. "कितीही," त्या म्हणाल्या.

सर तडकले. "कितीही म्हणजे? तुम्ही वाचलं नव्हतंत का हे? बसता कशाला मग इथे?"

हे ऐकून मला डबीतून ओरडावंसं वाटलं. आपण काय म्हणालो होतो ते माणसं किती सोयीस्कर विसरतात! बाईंनी कलम अकराचं पान सोडवलं, खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. कोऱ्या समासात खाचा उमटल्या होत्या. सरांनी एकेक अक्षर लावत वाचलं, "किती... दिवसांत... कंपनी गप्प..." आणि पान खाली ठेवलं. मुंगीचा हत्ती त्यांना आठवला असावा. ते खाली बसले.

तेच पान घेऊन दोघं साहेबांकडे गेले. साहेबांनी ते उलटंपालटं केलं. "मला तर कोरा समास दिसतोय," ते म्हणाले. "इथे शाईनं लिहिलंय, हरकत नाही. सही तुमची आहे, बाई. उद्या चौकशी लागली तर हेच वाचलं जाईल."

"मग निदान यंत्र तरी काढू या, साहेब. लोक पितायत."

"काढलं तर लोक कारण विचारतील. कारण सांगितलं की करार मोडला. कंपनी दावा ठोकेल आणि पुढचे करार जातील ते वेगळेच. तुम्ही दोघांनी तोंड उघडलंत तर मी जबाबदार नाही." आणि साहेबांनी कानांवर हात ठेवले. माझ्या मते करार-कक्षात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू पेन नव्हे, मीही नव्हे, साहेबांचे हे दोन हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लवकर आल्या. भिंतीवर शाईनं लिहिलं तर कारवाई होते, कागद चिकटवायला शिक्का लागतो. कच्च्या शेऱ्याला मात्र काहीच लागत नाही, हे साहेबांनीच तर शिकवलं होतं. यंत्राच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, बाईंनी पेन्सिलीनं दाबून लिहिलं, 'बंद आहे'. यंत्र बंद आहे म्हणणं म्हणजे काही निष्कर्ष प्रसिद्ध करणं नव्हे. कलम अकरा त्यांना पाठच होतं.

दहा वाजता साहेब आले. शिपाईमामांना हाक मारली, मला त्यांच्या हातात दिलं. मी भिंत पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अक्षरं, पुन्हा मी. कागदाला मी सरावलो होतो, चुन्यानं माझी सालटी काढली. दोन महिन्यांत माझा सदरा गेला, मग कोपरे गेले, मग अर्धं अंग.

लोक तर काय! 'बंद आहे' वाचायचे, नळ फिरवून बघायचे, पाणी आलं की हसायचे आणि बाटली भरायचे.

शिपाईमामा निवृत्तीला आलेले, मुकाट्यानं काम करणारे. एका सकाळी मला भिंतीवर टेकवून ते थांबले, दुसऱ्या हातात नळावर भरलेली बाटली. "बाई, मी रोज पुसतो, तुम्ही रोज लिहिता. खरं सांगा, ही बाटली घरी नेऊ का? सुनेला दिवस गेलेत."

"मामा, मला बोलता येत नाही," बाई एवढंच म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

"बरं," मामा म्हणाले. त्यांनी बाटली मोरीत उलटी केली. मग परत येऊन भिंत पुसली, कारण हुकूम हुकूमच असतो. मामांचा मला राग येत नाही. राग येतो तो माझाच. जगात चूक पुसायला जन्मलो म्हणून मिरवत होतो, आणि आयुष्यभरात बरोबर लिहिलेलंच जास्त पुसलं.

आता माझे चार-पाच दिवस उरलेत. मग नव्या खोक्यातला दुसरा येईल, पांढराशुभ्र, मऊ, कागद स्वच्छ झाला की खूश होणारा. सरांचा लेख अजून विचाराधीन आहे. ते बोळातून जातात तेव्हा घरची बाटली छातीशी धरतात आणि भिंतीकडे बघत नाहीत.

तुम्ही कधी अशा एखाद्या मजल्यावर गेलात, तहान लागली, आणि चकचकीत नळावरची भिंत अगदी स्वच्छ दिसली, तर माझ्यासाठी एवढं करा. त्या भिंतीवरून बोट फिरवून बघा. बाईंचा हात जड आहे, खाचा काही मला पुसता आल्या नाहीत. बोटाला खाच लागली तर बाटली रिकामीच परत न्या. नळ सुरू असला तरी.