पिवळी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. नाशिकच्या एका रुग्णालयात, रक्तपेढीच्या कोपऱ्यात माझी जागा. दात्याच्या एका हातातून रक्त घ्यायचं, गरगर फिरवायचं, नवं रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी पिशवीत काढायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात सोडायचं, एवढंच माझं काम. आणलं त्या दिवशी मला हार घातला होता. आता माझ्या आकड्याला तंत्रज्ञ राखी आपली पर्स अडकवते. मला त्याचं काही वाटत नाही.

मूळ पेशींबरोबर दात्याच्या प्लेटलेट्सही जातात. वाहतं रक्त थांबवतात त्या. मला त्या अडवता येत नाहीत.

परवा विंचूरच्या कुसाबाई मूळ पेशी द्यायला आल्या. त्यांचा धाकटा भाऊ बहिरू रक्ताच्या कर्करोगाने वरच्या मजल्यावर पडून होता. कुसाबाईंच्या पेशींची पिशवी भरून वरच्या प्रयोगशाळेत निघाली तसे सगळे नातेवाईक तिच्यामागे गेले. कुसाबाई एकट्याच उरल्या. त्यांनी डबा खाल्ला आणि सवयीने बेसिनपाशी दातांना तंबाखूची मिश्री लावली. हिरड्यांतून रक्त आलं. चूळ भरली, तरी थांबेना. तोंडाला पदर लावून त्या गुपचूप बसून राहिल्या.

राखीने पदरावरचा डाग पाहिला. “मावशी, हे कधीपासून?”

“मिश्रीनं येतं गं रोजच. डॉक्टरला नको सांगू. उद्या परत काढायचंय, ते बंद केलं तर बहिरूला पुरंल का?”

राखीने तरीही सांगितलं. तपासणीत प्लेटलेट्स फारच खाली गेलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी उद्याचं काढणं पुढे ढकललं. प्रयोगशाळेत ती पिशवी हळू फिरवली. मूळ पेशी तळाशी बसल्या. वरचा पिवळा भाग, म्हणजे कुसाबाईंच्या प्लेटलेट्स, वेगळा काढला. राखीने पर्स उतरवून ती पिवळी पिशवी माझ्या आकड्याला लावली.

“हे कुणाचं?” कुसाबाईंनी विचारलं.

“तुमचंच.”

“मग बहिरूला द्या की.”

“त्याचं त्याला ठेवलंय, मावशी. हे तुम्हालाच. आणि आता मिश्री नाही, आपल्या मनानं दुखण्यावरची गोळीही नाही; त्यानं रक्त वाहतं.”

कुसाबाई थेंब पडताना बघत राहिल्या. सुई टोचताना त्या रडल्या नव्हत्या, आता रडल्या. वरून अजून कुणी खाली आलं नव्हतं.

मित्रांनो, पिशवी भरली की माझी घंटी वाजते आणि सगळे धावत येतात. देणारं माणूस रितं होतं तेव्हा माझ्यात काहीच वाजत नाही. त्याला कसं वाटतंय, ते तुम्हीच विचारत जा.