दुसरी गाठ

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती. मुकादमाचा पगार जास्त असला, तरी तिथे शब्द चाले थोरलीचा. पाठची बहीण तिला थोरली म्हणायची, ते ऐकून सगळेच म्हणू लागले होते. वाफेने भिंतींचे पोपडे निघालेले, पायांत कायम पाणी. पण हसणं काय चालायचं तिथे! दोघी-दोघींनी चादरीची टोकं धरून पीळ घालायचा आणि त्याबरोबर वॉर्डातल्या बातम्याही पिळून काढायच्या. पुढे यंत्रं आली आणि माणसं गप्प झाली.

तो काळ एचआयव्हीच्या गोळ्या नुकत्याच फुकट मिळू लागल्याचा. वरून आदेश आला, की या रुग्णांच्या खाटेला लाल कार्ड लावायचं नाही, फाइलवर खूण करायची नाही, कुणाचा आजार कुणाला कळता कामा नये. आदेश जिन्याजवळ काचेच्या चौकटीत लागला. त्यातच लिहिलं होतं, की कपडे धुणाऱ्या सर्वांना जाड हातमोजे द्यावेत. आदेश आला, हातमोजे काही आले नाहीत. अख्ख्या लाँड्रीत मिळून एक जोड, त्याच्याही अंगठ्याला भोक.

मग एकदा चादरीत राहिलेली सुई एका बाईच्या तळव्यात घुसली. तिला झालं काही नाही, पण तपासणीचा शेवटचा निकाल येईपर्यंत तीन महिने ती स्वतःच्या लेकराला जवळ घेत नव्हती. थोरली तडक वर गेली आणि हेडसिस्टरपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कार्ड लावू नका, कागदावर लिहू नका. पण त्यांच्या गाठोड्याला दोन गाठी मारा. आम्हीही कुणाच्या तरी आया आहोत."

हातमोज्यांसाठी वर भांडण्यापेक्षा गाठ मारणं हेडसिस्टरला सोपं वाटलं. तेव्हापासून एक गाठ साध्यांची, दोन गाठी 'त्यांच्या'. दोन गाठींचं गाठोडं चिमट्याने उचलायचं, वेगळ्या टाकीत उकळायचं. खाटेच्या नंबराची चिठ्ठी तर प्रत्येक गाठोड्याला असायचीच. सुई कुणाच्याही चादरीत निघू शकते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सात वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. आपण बायकांचं भलं केलं, असं थोरली ज्याला-त्याला सांगायची.

आठव्या वर्षी धाकटी बाळंतपणाला तिथेच आली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मुलगी झाली होती. थोरलीला आनंद मावेना.

"बारा नंबर माझी बहीण आहे हं! विरलेली चादर पाठवाल तर याद राखा."

"अहो ताई, आमच्या डोक्यावरच तर राहतात त्या," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं घर धाकटीच्या सासरच्या बरोबर खाली होतं. "त्यांच्या सासूबाई चालल्या, की आमच्या ताटात चुना पडतो."

सगळ्या खो-खो हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून गाठोडी आली. बारा नंबरच्या गाठोड्याला दोन गाठी होत्या.

थोरलीने गाठी पुन्हा मोजल्या. दोन वर्षं धाकटी दर महिन्याला 'तुला भेटायला आले' म्हणून हॉस्पिटलात यायची, पाच मिनिटं टेकायची आणि पिशवी छातीशी धरून निघून जायची. ती गोळ्या न्यायला येत होती तर.

"ताई, बारा नंबर ना हो?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"वर नवी आया आहे. चुकून बांधलंय."

"नियम तर तुमचाच. दोन म्हणजे दोन."

"चुकून म्हटलं ना!" थोरलीने उघड्या हातांनी दोन्ही गाठी सोडल्या आणि त्या चादरी साध्या टाकीत टाकून कोपरापर्यंत हात घालून चोळू लागली. "बघ. आहे का काही?"

तिथेच ती फसली. खरोखर चूक असती, तर तिने वर जाऊन त्या आयेच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. दुसऱ्याची चूक पोटात घालणारी बाई ती नव्हेच, हे लाँड्रीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. इस्त्रीवाल्याने मान खाली घातली आणि दिवसभर एकही विनोद न करता इस्त्री फिरवली.

घरी न्यायच्या दिवशी सासू वॉर्डात आली ती रिकाम्या हातांनी. बाळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या मुलाला काय लावलंस गं?"

तिचा मुलगा धाकटीच्याही आधीपासून गोळ्या खात होता, त्याच्यामुळेच तर धाकटीची तपासणी झाली होती. तो आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

"अहो, सांगा ना त्यांना," धाकटी म्हणाली.

"आईचं डोकं शांत होऊ दे, मग बघू," एवढं बोलून तो आईच्या मागोमाग जिना उतरला.

डॉक्टर संतापले. माहिती कुठून फुटली याची चौकशी लावतो म्हणाले. चौकशीत फाइल तपासली, रजिस्टर तपासलं. कागद सगळे स्वच्छ होते. तळघरात कुणीच उतरलं नाही.

थोरलीने धाकटीला आपल्या खोलीत आणलं. संध्याकाळी बाळ थोरलीच्या मांडीवर झोपलं होतं. धाकटी भिंतीला टेकून बसली होती.

"मी कुणाला बोलले नाही गं. तुलासुद्धा नाही. मग कळलं कसं?"

थोरली खोटं बोलू शकली असती. नव्या आयेवर ढकलता आलं असतं, हेडसिस्टरवर तर सहजच. पण ज्या बहिणीने नवऱ्याचं पाप दोन वर्षं एकटीने ओढलं, तिच्यापुढे जीभ रेटेना. तिने गाठींचं सगळं सांगितलं. सुई, हातमोजे, आपण कमरेवर हात ठेवून काय बोललो, तेही.

धाकटी भिंतीपासून सरळ झाली.

"सात वर्षांत किती जणी गं?"

"मोजल्या नाहीत."

"त्यांच्या घरी कळलं असेल?"

थोरली बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

"दे तिला इकडे," धाकटी म्हणाली आणि बाळ उचलून घेतलं.

बाळाला आजार लागू नये म्हणून सहा आठवडे रोज पातळ औषध पाजायचं होतं. धाकटी ओली बाळंतीण, तिला नीट उठवतही नव्हतं. तरी ती रोज भिंतीला धरून उठायची, पाठ करून बसायची आणि स्वतः ते औषध पाजायची. सहा आठवड्यांत एकदाही तिने थोरलीला त्या बाटलीला हात लावू दिला नाही.