आठातले पाच

मदरशातल्या पोरींना अपूर्णांक येत नव्हते. पुस्तकात पिझ्झा होता. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरच्या पोरींना पिझ्झा कापून एक अष्टमांश शिकवा म्हणणाऱ्याची अक्कल कुठं चरायला गेली होती, कोण जाणे. तय्यबाआपानं पुस्तक मिटलं आणि मिरास काढली, वारशाची वाटणी. माणूस मेला की कुणाला किती, हे कुराणात सांगितलंय आणि ते सगळं अपूर्णांकातच आहे. लेकरू असलं तर बायकोला एक अष्टमांश. एकुलत्या लेकीला अर्धं. उरलं ते मेलेल्याच्या भावाला. पोरी छेद सारखे करायला लागल्या, चुकलं तर एकमेकींशी भांडायला लागल्या.

आपा म्हणाली, आता आपापलं गणित तयार करा.

नाजमीनचा बाप गेल्या साली वारला होता. अक्कलकोट रोडला टॉवेलचे आठ माग मागं ठेवून. तिनं फळ्यावर मांडलं : अम्मीचा एक, माझे चार, चाचाचे तीन. मग वळून म्हणाली, "तो फिर आपा, आठों चाचा कायकू चलाते?"

पोरी फिसकन हसल्या आणि वह्यांत बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नाजमीनचा गनीचाचा मौलानांच्या खोलीत येऊन बसला, त्यानं आपाला बोलावून घेतलं. मदरशाच्या कमिटीत तोच, शिकवणाऱ्यांचा पगारही त्याच्याच हातून. तो ओरडला नाही. पोरीला छप्पर दिलंय, उद्या लग्नही आपणच करणार, असं सावकाश सांगितलं त्यानं. मग म्हणाला, "आपा, वर्ग में जाके बोलो, हिसाब गलत है."

मौलाना स्वतः मिरास शिकवायचे. हिसाब बरोबर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चहाचा कप उचलला. एवढंच म्हणाले, पुस्तक आहे की, पुस्तकातलं शिकवा.

आपाला राग यायला पाहिजे होता. आला नाही. भावांनी ईदला माहेरी बोलवत राहावं म्हणून तिनं बापाच्या घरावर हक्कसोड लिहून दिली होती. कचेरीत अंगठ्याला शाई लावतानाही हात आतासारखाच होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

वर्गात जाऊन ती म्हणाली, "नाजमीन, कालचं उत्तर चुकलं."

"कहां चुकी, आपा?"

पोरगी फळ्याशी गेली. परत मांडलं. एक, चार, तीन. बेरीज आठ. "बराबर तो आता है," असं म्हणून तिथंच उभी राहिली.

आपानं डस्टर उचललं, फळा पुसला आणि पुस्तकं काढायला सांगितलं.

पिझ्झ्याचे आठ तुकडे. तीन खाल्ले. उरलेले रंगवा.

"आपा, ये पिझ्झा किसका है?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

नाजमीननं मान खाली घातली आणि पाच तुकडे रंगवले. आपानं त्यावर बरोबरची खूण केली. हे उत्तर चालण्यासारखं होतं.