आवळलेला स्क्रू

माझा दादा मनाने चांगला आहे, असं गेल्या आठवड्यात मला चार जणांनी येऊन सांगितलं. असेल चांगला. माझी तक्रार त्याच्या मनाबद्दल नाहीच, त्याच्या हातांबद्दल आहे.

टेकडीवर आमची कार्यशाळा आहे. तिथे कृत्रिम हातपाय बनवतात आणि ते अंगावर धरून ठेवणारे पट्टे मी शिवते. अकरा वर्षं मी सायकलनेच वर जात होते. बारीक टायरांची, खाली वळलेल्या हँडलची रेसिंगची सायकल, दादाचीच जुनी. मागच्या वर्षी आजारपण आलं आणि डॉक्टरांनी डाव्या फुप्फुसाचा एक तुकडा काढून टाकला. सायकल चालवा म्हणाले, पण छाती फुटेस्तोवर जोर लावायचा नाही. बस पायथ्याशीच थांबते. मग दादा मला गाडीने सोडू लागला, म्हणजे त्याला जमेल तेव्हा. कधी मी तासभर आधी पोचायचे, कधी सगळ्यांचा चहा झाल्यावर. शेवटी आमच्या मुख्य कारागीर बाईंनी स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत वेळेवर येण्याची काहीतरी सोय कर. नाहीतर खाली गोदामात बदली घे. मला इथे रोज माणूस लागतं."

गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायची असतात. तेही काम आहेच, पण माझं नाही.

म्हणून मी सायकल मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मागच्या चाकावरचा चक्र्यांचा जुना संच काढून नवा बसवला. सगळ्यात मोठी चक्री चौतीस दातांची, जवळजवळ ताटलीएवढी. चेनही लांब घातली. "चढ तेवढाच राहणार," ते म्हणाले, "पण पाय हलके फिरतील. हळू जाल, दम कमी लागेल." सायकल टांगून त्यांनी पेडल हाताने फिरवलं आणि चेन एकेक चक्री चढत शेवटच्या मोठ्या चक्रीवर कशी जाते ते मला दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा फिरवायला लावलं.

दादाने ते पाहून नाक मुरडलं. "ही म्हाताऱ्यांची चक्री कशाला? पाय कमव की!"

"आमच्याकडे आखूड पायाचं माणूस आलं तर आम्ही बुटाचा तळ जाड करतो," मी म्हटलं. "पाय वाढवून ये म्हणत नाही."

"तुला बोलण्यात कोण हरवणार?" म्हणून तो हसला. रविवारी आला आणि चेनला तेल घालून देतो म्हणत अर्धा तास सायकलजवळ बसला. मी त्याला चहा करून दिला. हो, चहा करून दिला.

सोमवारी निघाले. पाण्याच्या टाकीजवळ रस्ता एकदम उभा होतो. तिथे गिअर बदलायचा खटका दाबला, तर तो अडला. पाय जड ते जडच. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले तशी मी उतरले आणि सायकल ढकलत वर गेले. वीस मिनिटं उशीर. मंगळवारी तेच. तीन आठवडे तेच. दुसऱ्या आठवड्यात मी दादाला घरी बोलावून विचारलं, "शेवटची चक्री लागते ना रे? मला तसं वाटत नाही."

तो सायकलजवळ उकिडवा बसला. नीट निरखून पाहिलं. "लागते की! सगळं व्यवस्थित आहे. सायकलीचं काही नाही, तुझ्याच पायात जोर नाही. होईल हळूहळू."

ज्याने मला सायकल शिकवली, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? दोष माझ्याच छातीचा, असं मी धरून चालले. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी बदलीच्या अर्जावर सही केली. सही करताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, हा संच काढून घ्या, माझ्या काही कामाचा नाही. त्यांनी सायकल टांगली, पेडल फिरवलं आणि थबकले. "शेवटच्या दोन मोठ्या चक्र्यांवर चेन जातच नाहीये. चेन कुठवर जाऊ द्यायची ते हा स्क्रू ठरवतो. तो कुणीतरी चांगला आवळलाय. मी असा ठेवला नव्हता." पेचकसाने त्यांनी स्क्रू सैल केला. चेन कटकट करत मोठ्या चक्रीवर जाऊन बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दादाच्या घरी पोचले. तो आणि वहिनी जेवत होते.

"स्क्रू तू आवळलास?"

"अगं, चेन निसटून चाकात अडकली असती तर? काळजीपोटीच..."

"मग तिला सांगितलं का नाही?" वहिनीने विचारलं. मला तेच विचारायचं होतं, पण तिने आधी विचारलं.

दादाने हातातला घास ताटात ठेवला. "मला वाटलं, हलकं मिळालं की ही तिथेच थांबेल. जोर लावला तर पहिल्यासारखी होईल. मला ती पहिल्यासारखी हवी होती."

"पहिलीचा तुकडा कापून टाकलाय, दादा! जी उरली आहे तिला तू तीन आठवडे टाकीच्या चढावर धापा टाकत ठेवलंस. समोर बसून खोटं सांगितलंस. सोमवारी वर यायचं आणि हे सगळं बाईंना सांगायचं. मी नाही, तू."

सोमवारी मी टाकीजवळ खटका दाबला. पाय हलके झाले. माणूस चालत जाईल इतक्याच वेगाने गेले, पण उतरले नाही. वर पोचले तेव्हा काम सुरू व्हायला, म्हणजे आठ वाजायला, दहा मिनिटं होती आणि मला बोलण्याइतका दम शिल्लक होता. दादा गाडीने आधीच येऊन उभा होता.

बाईंसमोर त्याने सुरुवात केली, "हिच्या सायकलीत जरा बिघाड झाला होता..."

"बिघाड नव्हता," मी म्हटलं. "नीट सांग."

तो लाल झाला. "मी स्क्रू आवळला होता. तिला न सांगता. तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो."

बाईंनी चष्मा काढला. अर्ज शनिवारीच मंजूर झाला होता. माझ्या मशीनवर शनिवारपर्यंत गोदामात असलेली मुलगी बसली होती, माझीच कात्री हातात घेऊन. आता सहा महिने तरी काही बदलता येणार नाही, बाई म्हणाल्या. "तू एक दिवस थांबायला हवं होतंस गं," असंही म्हणाल्या आणि मग दादाकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर दादाने गाडीची किल्ली काढली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "सहा महिने मी तुला रोज सोडत जाईन. अगदी वेळेवर. एक दिवस चुकवणार नाही."

"गोदामाच्या रस्त्याला चढ नाही, दादा," मी म्हटलं.