धुतलं कोणी, सांगितलं कोणी

मी एक डागलेली चादर आहे. आधीच सांगून ठेवते, कोणाची कीव ऐकायला मी या भिंतीवर लटकलेली नाही.

माझा जन्म गिरणीतला. तो सगळ्याच चादरींचा असतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. एका मोठ्या हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर सहा वर्षं मी अंथरली गेले. माणसं झोपेत काय काय बरळतात ते मला ठाऊक आहे, पण मी चुगलखोर नाही. मग एके दिवशी इस्त्री माझ्यावर जरा जास्तच रेंगाळली आणि माझ्या ऐन पोटावर तपकिरी त्रिकोण उमटला. झालं, मला बाद केलं.

तळघरातल्या धुलाईखान्यात रफू करणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "एवढ्याशा डागाने काय बिघडतंय?" म्हणाल्या आणि माझ्यावर कप्प्यांच्या तीन उभ्या रांगा शिवून मला तिथल्याच भिंतीवर टांगलं. घडी केलेल्या शर्टात जो पुठ्ठा घालतात, त्याचे तुकडे कापून त्यांवर आपल्या मराठी अक्षरांत इंग्रजी शब्द लिहिले. पहिल्या रांगेत माणसं: आय, शी, ही. मधल्या रांगेत झालेली कामं: वॉश्ट, आयर्न्ड, फोल्डेड, मेंडेड, काउंटेड. शेवटच्या रांगेत वस्तू, त्याही ढिगाने: शीट्स, टॉवेल्स, कर्टन्स. धुलाईखान्यात एकटीदुकटी वस्तू येतेच कुठे? आणि चालू कामाची तिथे कोणी चौकशी करत नाही. झालं किती, तेवढंच विचारतात. तीन रांगांतून एकेक पुठ्ठा उचलला की वाक्य तयार.

हा खटाटोप कशासाठी, तर रोज पाळी संपताना मॅनेजरबाई खाली येत. त्या परदेशातल्या, इंग्रजीशिवाय त्यांना काही कळत नसे. त्यांच्यापुढे सुपरवायझर उभा राहायचा. बायका त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'हँगर'. कडक कोट घालून दाराशी लटकून राहायचं, अधूनमधून टॉवेल मोजायचे, एवढाच त्याचा उद्योग. पण मॅनेजरबाई आल्या की हा छाती काढून म्हणायचा, "आय वॉश्ट शीट्स. आय आयर्न्ड टेबलक्लॉथ्स. आय मेंडेड कर्टन्स." मागे बायका ओल्या हातांनी उभ्या राहून माना डोलावत.

इस्त्रीच्या टेबलावर एक नवी मुलगी लागली होती. लग्नाला जेमतेम तीन महिने, म्हणून सगळ्या तिला नवरीबाई म्हणत. बोलायची कमी, बघायची फार. एकदा तिने विचारलं, "मावशी, पडदे तर तुम्ही शिवलेत ना?"

"मीच गं. शब्दही येतात मला. पण बाई समोर आल्या की जीभ टाळ्याला चिकटते. इथे धुतलं कोणी ते नाही बघत, सांगितलं कोणी ते बघतात."

नवरीबाईचं घोडं इथेच अडलं होतं. इस्त्रीवर एकच कायमची जागा निघाली होती आणि तिच्यावर हँगरची मेहुणी डोळा ठेवून होती. इकडे सासूबाईंनी बजावलेलं, "कायम झालीस तर जा कामाला. नाहीतर घरात काय कमी कामं आहेत?" नवऱ्याचं म्हणणं काय, तर 'बघू'. या 'बघू'ची मला फार चीड आहे. आयुष्यंच्या आयुष्यं त्याच्यात गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहेत.

ती इस्त्री फिरवता फिरवता माझ्याकडे बघून पुटपुटायची. वाफ निघाली की एक वाक्य, घडी पडली की दुसरं.

जागा ठरायची त्या सकाळी हँगरने तिला पुटपुटताना पकडलं. "काम करायला येता की शाळा भरवायला?" तो गरजला आणि माझ्या मधल्या रांगेतले सगळे पुठ्ठे उपसून त्याने उकळत्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकले. माणसं राहिली, वस्तू राहिल्या, कामं तेवढी बुडाली. ड्रमवाल्या काकू वाकून बघत राहिल्या. अकरा वर्षांत त्यांनी बाईंसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं.

नवरीबाईचा चेहरा उतरला. "मावशी, आता हो?"

"अगं, पुठ्ठे गेले. केलेली कामं कुठे जातायत?"

पाळी संपली. मॅनेजरबाई आल्या. हँगरने "आय आयर्न्ड" एवढं म्हटलं, तोच ती पुढे झाली.

"नो," ती म्हणाली. "आय आयर्न्ड शीट्स. आय आयर्न्ड टेबलक्लॉथ्स. आय फोल्डेड नॅपकिन्स." मग मावशींकडे बोट. "शी मेंडेड कर्टन्स." काकूंकडे. "शी वॉश्ट ब्लँकेट्स."

मॅनेजरबाईंनी हँगरकडे पाहत तिला विचारलं, आणि यांनी काय केलं?

आता हिने 'काही नाही' म्हटलं असतं, तरी कोणी हरकत घेतली नसती. मी तर त्याचीच वाट बघत होते! ती क्षणभर थांबली, आठवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ही काउंटेड टॉवेल्स."

खोटं एक अक्षर नाही. हँगरचा कोट तेवढा ताठ राहिला, आतला माणूस खचला.

जागा नवरीबाईला मिळाली. हँगर अजून आहे आणि टॉवेल मोजतो. मावशींनी मधल्या रांगेत नवे पुठ्ठे घातलेत. माझे कप्पे उसवलेत, त्रिकोण फिकट झालाय. ही लक्तरं काढा, असा तगादा हँगर वर ऑफिसात जाऊन अजून लावतो. लावू दे. मी इथून हलणार नाही. तुम्हाला कोणाला आपलं काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय झाली असेल, तर या माझ्यासमोर उभ्या राहा.

परवा मॅनेजरबाई खाली आल्या, तेव्हा ड्रमवाल्या काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "आय…" म्हणाल्या आणि अडल्या. हँगर मदतीला सरसावला.

"थांबा हो साहेब," काकू म्हणाल्या, "अकरा वर्षांचं आहे, वेळ लागेल."

मॅनेजरबाईंना शब्द कळले नाहीत. पण त्यांनी धुतलेल्या चादरींचा एक गठ्ठा ओढला आणि त्यावर बसून घेतलं.